घरी वजन कसं मोजावं: रोजची नोंद, आठवड्याची सरासरी, महिन्याचा निर्णय

निरोगी माणसाचं वजन सकाळ ते रात्र एक ते दोन किलोंनी सहज वरखाली होतं. आहार-व्यायाम नीट चालू असताना आठवड्याला खरोखर कमी होणारी चरबी मात्र तीनशे ते सातशे ग्रॅम. जे मोजायचं आहे ते एवढंसं, आणि त्याच्यावरची रोजची चढउतार त्याच्या तिप्पट-चौपट. घरी वजन मोजण्याची सगळी पद्धत या एका अडचणीतून वाट काढण्यासाठी आहे.

म्हणून आमचा सल्ला असा: वजन रोज मोजा, पण रोजच्या आकड्यावर काहीही ठरवू नका. आठवड्याची सरासरी काढा आणि जेवणात किंवा व्यायामात बदल करायचा असेल तर तो चार आठवड्यांचा कल पाहून करा. आठवड्यातून एकदाच मोजण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण त्यात एक नेमका धोका आहे. तो पुढे आकड्यांनिशी दाखवला आहे.

अमेरिकेत १९९४ पासून चालणाऱ्या नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्रीत किमान १३.६ किलो वजन कमी करून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची नोंद होते. त्यातले सुमारे ७५ टक्के लोक आठवड्यातून निदान एकदा तरी वजन करतात. पण नुसतं काट्यावर उभं राहून वजन उतरत नाही, हेही अभ्यासांतून दिसलेलं आहे. मोजलेल्या आकड्यावरून पुढे काय करायचं हे आधी ठरलेलं असेल, तरच मोजण्याचा उपयोग होतो. ती ठरवाठरवी या लेखाच्या उत्तरार्धात आहे. पहिल्यांदा काटा.

काटा घेताना

घरगुती वापरासाठी साधा डिजिटल काटा पुरतो. हजार रुपयांच्या आसपास चांगला मिळतो. तीन गोष्टी बघा. क्षमता आपल्या वजनापेक्षा निदान २० किलोंनी जास्त हवी. बाजारात १५० आणि १८० किलोंचे काटे सर्रास असतात. वजन १३० च्या पुढे असेल तर १८० चाच घ्या. आकडा १०० ग्रॅमच्या टप्प्याने दिसला तरी चालेल, ५० ग्रॅमच्या टप्प्यासाठी जादा पैसे मोजू नका. आणि पृष्ठभाग रुंद, शक्यतो खडबडीत असावा. गुळगुळीत काचेवर ओल्या पायाने घसरून पडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

स्प्रिंगचा तबकडीवाला जुना काटा घरात असेल तर तो चालतो, पण शून्याचं चाक दर वेळी तपासावं लागतं आणि अर्ध्या किलोच्या आतला फरक त्यावर खात्रीने वाचता येत नाही.

चरबी, स्नायू, पाणी, ‘शरीराचं वय’ असं सगळं दाखवणारे काटे सध्या खूप खपतात. त्यावरच्या धातूच्या पट्ट्यांतून पायातून अगदी सौम्य वीजप्रवाह जातो आणि शरीराच्या विद्युतरोधावरून चरबीचा अंदाज बांधला जातो. पाणी कमी प्यायलं, नुकताच व्यायाम झाला, पायाची त्वचा कोरडी असली, की तोच अंदाज दोन-तीन टक्क्यांनी हलतो. तेव्हा असा काटा घेतलाच तर त्यातला वजनाचा आकडा वापरा. चरबीच्या टक्केवारीकडे फार तर दोन-तीन महिन्यांतून एकदा पाहा. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी असा काटा वापरू नये, त्यांच्यासाठी साधाच बरा.

जागा आणि फरशी

डिजिटल काट्याच्या चारही पायांत प्रत्येकी एक दाबमापक असतो आणि चौघांची बेरीज करून आकडा दिसतो. एक पाय अधांतरी राहिला की बेरीज चुकली. त्यामुळे गालिचा, चटई, सतरंजी यांवर काटा ठेवू नका. जुन्या घरातली शहाबादी फरशी बहुतेक वेळा एका पातळीत नसते आणि टाइल्सच्या सांध्यावरही एखादा पाय टेकत नाही. काटा ठेवून चारही कोपरे बोटाने दाबून पाहा. एखाद्या बाजूला डुगडुगला तर जागा बदला, किंवा १२ ते १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा काट्यापेक्षा थोडा मोठा तुकडा खाली घाला. तोही डुगडुगता कामा नये.

बाथरूममध्ये काटा ठेवू नये. वाफ आणि ओल आत शिरून आकडे भरकटतात, बॅटरीच्या पट्ट्यांना गंज चढतो. झोपायच्या खोलीत कपाटाजवळची जागा उत्तम. चार कोपऱ्यांशी फरशीवर पेन्सिलने खुणा करून ठेवा. झाडू-पोछा करताना काटा सरकतो, तो परत त्याच खुणांवर यायला हवा.

काटा उचलून उभा करून ठेवायची सवय असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: हलवलेला काटा पुन्हा शून्यावर यावा लागतो. खाली ठेवल्यावर पायाने एकदा दाबा, शून्य दिसून तो बंद होऊ द्या, मगच उभे राहा. हलवल्यानंतरचा पहिला आकडा एक-दीड किलोने चुकलेला असू शकतो.

काटा तपासून घेणं

नवा काटा आल्यावर आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी ही तपासणी करा. दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली परीक्षा एकसारखेपणाची. उभे राहा, आकडा लिहा, उतरा, काटा बंद होऊ द्या, पुन्हा उभे राहा. असं तीनदा. तिन्ही आकडे २०० ग्रॅमच्या आत असले की काटा कामाचा आहे.

पण काही काट्यांत एक खोच असते. नवा आकडा मागच्या आकड्याच्या अगदी जवळ असेल तर काटा मागचाच आकडा पुन्हा दाखवतो, म्हणजे वापरणाऱ्याला काटा फार अचूक वाटावा. दोन मापांच्या मध्ये हातात चार-पाच किलोंची पिशवी घेऊन एकदा उभे राहा आणि मग पुन्हा रिकाम्या हाताने. आकडा आता वेगळा आला, तर तुमच्या काट्याला ही सवय आहे. अशा काट्यावर रोज आधी पिशवी घेऊन आणि मग रिकाम्या हाताने मोजा, नाहीतर दोन-तीनशे ग्रॅमची खरी घट तुम्हाला दिसणारच नाही.

दुसरी परीक्षा खरेपणाची. पाच किलोंची न फोडलेली आट्याची पिशवी घ्या. नुसती पिशवी काट्यावर ठेवू नका. बरेच काटे पाच किंवा दहा किलोंखाली सुरूच होत नाहीत. आधी रिकाम्या हाताने, मग पिशवी छातीशी धरून उभे राहा. फरक ५ किलोंच्या आसपास यावा, २०० ग्रॅम इकडेतिकडे चालेल. अजून खात्री हवी असेल तर वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दहा किलो तांदूळ तोलून आणा आणि तेच करून पाहा. दुकानातल्या काट्यांची पडताळणी वैध मापन खात्याकडून ठरावीक मुदतीने होते, त्यामुळे तो आधार घरच्या काट्यापेक्षा पक्का.

दवाखान्यातला काटा आणि घरचा काटा यांत किलो-दीड किलोचा फरक आला तर घाबरू नका. तिथे कपडे-चप्पल असतात, पोटात नाश्ता असतो, शिवाय काटा वेगळा असतो. तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे तो एकाच काट्यावरचा बदल. जिममध्ये, रेल्वे स्टेशनवर, पाहुण्यांच्या घरी केलेली वजनं वहीत लिहू नका.

एक दिवस अचानक १८५ आकडा दिसला तर काट्याच्या तळाचं एककाचं बटण दाबलं गेलेलं असतं: ८४ किलो म्हणजे १८५ पौंड. ‘लो’ अशी अक्षरं आली की बॅटरी संपत आली आहे. आकडे रोज उगाच एक-दोन किलोंनी उड्या मारू लागले तरी आधी बॅटरी बदलून पाहा.

सकाळची पद्धत

१. उठल्यावर शौचाला जाऊन या. शौचाला झालं नाही तर निदान लघवी करून या, आणि वहीत तशी खूण करा.

२. चहा-पाण्याच्या आधी, अंघोळीच्या आधी वजन करा. ग्लासभर पाणी म्हणजे पाव किलो, ओले लांब केस म्हणजे आणखी थोडी भर.

३. कपडे कमीत कमी आणि रोज सारखे. जीन्स, पट्टा आणि खिशातला मोबाइल मिळून किलोभर भरतं. मंगळसूत्र, पाटल्या, अंगठ्या रोजच्याच असतील तर काढायची गरज नाही. रोज तेच असलं की पुरे.

४. कोरड्या अनवाणी पायांनी काट्याच्या मधोमध उभे राहा. दोन्ही पायांवर सारखा भार, बोटं कडेबाहेर नकोत.

५. समोर बघा. आकडा वाचायला वाकलं की भार पुढे जातो आणि आकडा हलतो. तीन ते पाच सेकंदांत आकडा स्थिर होतो, मग फक्त मान खाली घाला.

६. भिंतीला किंवा कपाटाला हात लावू नका, टेकलेल्या हाताने वजन कमी दिसतं. तोल जात असेल तर शेजारी जड खुर्ची ठेवा. चढताना-उतरताना तिचा आधार घ्या, मापाच्या क्षणी हात सोडा.

७. आकडा लगेच लिहा. ‘नंतर लिहू’ म्हटलेले आकडे मनात दोनशे ग्रॅमने कमी होतात.

एका दिवशी एकदाच. संध्याकाळी पुन्हा मोजून काही कळत नाही, फक्त मन खट्टू होतं. रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळाकडे पाहू नये. मोठी झोप झाल्यावर, काही खाण्याच्या आधी मोजावं, मग ती वेळ दुपारची का असेना.

वहीत काय लिहायचं

तारीख, वजन, आणि एका-दोन शब्दांची खूण. ही खूण फार कामाची आहे: ‘लग्नाचं जेवण’, ‘प्रवास’, ‘पाळी – दिवस १’, ‘बद्धकोष्ठ’, ‘गोळी बदलली’, ‘झोप कमी’. महिन्यानंतर आकड्यांकडे पाहताना या खुणा नसतील तर चढ कशामुळे आला हे कुणालाही सांगता येत नाही. मोबाइलमधलं अॅप वापरत असाल तर त्यात अशी टीप लिहिण्याची सोय आहे का ते पाहा.

आठवड्याच्या शेवटी सात आकड्यांची बेरीज करून सातने भागा. एखादा दिवस चुकला तर जेवढे आकडे आहेत तेवढ्यांनी भागा, पण चारपेक्षा कमी आकडे असतील तर त्या आठवड्याची सरासरी धरू नका.

बेरजा नको असतील तर दुसरी एक रीत आहे. पहिल्या आठवड्याची सरासरी हा तुमचा ‘कल’. त्यानंतर रोज, आजच्या वजनातून कालचा कल वजा करायचा, उरलेल्याचा दहावा भाग कालच्या कलात मिळवायचा. काल कल ८४.२ होता, आज काटा ८४.९ म्हणतोय, फरक ०.७, त्याचा दहावा भाग ०.०७, आजचा कल ८४.२७. काटा सातशे ग्रॅमने उडाला तरी कल सत्तर ग्रॅमनेच हलला.

आता आठवड्यातून एकदाच मोजण्यातला धोका. समजा एका गृहस्थांचे दोन आठवड्यांचे आकडे असे आहेत, सोमवार ते रविवार:

पहिला आठवडा: ८४.६, ८४.२, ८४.३, ८३.९, ८३.८, ८४.०, ८४.९
दुसरा आठवडा: ८४.७, ८४.१, ८३.९, ८३.६, ८३.५, ८३.६, ८४.३

पहिल्याची बेरीज ५८९.७, सरासरी ८४.२४. दुसऱ्याची ५८७.७, सरासरी ८३.९६. आठवड्यात २८० ग्रॅम कमी झाले, म्हणजे काम अगदी नीट चाललंय. पण हेच गृहस्थ फक्त सोमवारी वजन करत असते तर त्यांना ८४.६ नंतर ८४.७ दिसलं असतं. आठवडाभर पोळ्या मोजून खाल्ल्या आणि वजन शंभर ग्रॅमने वाढलं! बरेच लोक प्रयत्न सोडतात ते नेमके इथे. पहिल्या शनिवारी रात्रीचं बाहेरचं जेवण रविवारच्या ८४.९ मध्ये दिसतंय आणि सोमवारपर्यंत त्याचं पाणी पुरतं उतरलेलं नाही, एवढीच ती गोष्ट आहे.

सुट्टीच्या दिवसांनंतर वजन चढणं आणि शुक्रवारपर्यंत उतरणं हा बहुतेकांचा नेहमीचा क्रम आहे. म्हणून ज्यांना रोज मोजणं खरोखर नको आहे त्यांनी निदान सोमवार टाळावा. बुधवार किंवा गुरुवार धरावा, आणि एका आकड्याऐवजी महिन्याचे चार आकडे एकत्र पाहावेत.

वजन एका रात्रीत का वाढतं

शरीरात एक किलो चरबी साठायला गरजेच्या वर सुमारे ७,७०० किलोकॅलरी खाव्या लागतात. मध्यम बांध्याच्या माणसाच्या जवळपास चार दिवसांच्या पूर्ण जेवणाएवढं हे खाणं झालं, तेही रोजच्या जेवणाच्या जोडीला. त्यामुळे एका रात्रीत वाढलेला किलो हा चरबीचा नसतोच. मग कशाचा असतो?

सगळ्यांत मोठा वाटा मिठाचा. शरीर रक्तातल्या आणि पेशींबाहेरच्या पाण्याचा खारटपणा ठरावीक ठेवतं. साधारण ९ ग्रॅम मीठ जादा राहिलं तर त्याच्या जोडीला लिटरभर पाणी थांबतं, म्हणजे काट्यावर एक किलो. नऊ ग्रॅम म्हणजे छोटे दीड-पावणेदोन चमचे सपाट. लोणचं, पापड, सुकट, फरसाण, हॉटेलची ग्रेव्ही असं एका दिवशी जमलं की एवढं मीठ पोटात जायला वेळ लागत नाही. मूत्रपिंडं ते दोन-तीन दिवसांत बाहेर टाकतात.

दुसरा वाटा ग्लायकोजेनचा. भात, पोळी, साखर यांतून मिळालेली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठते. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. साठा चारशे-पाचशे ग्रॅमचा असतो. म्हणूनच कुठलाही कडक आहार सुरू केला की पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो झपाट्याने उतरतात. त्यात चरबी थोडीच असते. ‘आठ दिवसांत तीन किलो’ अशा जाहिराती याच पाण्यावर चालतात, आणि आहार सोडला की तेच पाणी दोन दिवसांत परत येतं. पहिल्या दोन आठवड्यांच्या आकड्यांवरून म्हणूनच आनंद किंवा दुःख काहीच करू नये.

तिसरं, पोटात-आतड्यात असलेलं अन्न. संकष्टीचं उदाहरण घ्या. दिवसभर उपास, रात्री चंद्रोदयानंतर साडेनऊ-दहाला वरण-भात, भाजी, मोदक असं पूर्ण जेवण, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काट्यावर. उपास करूनही वजन अर्ध्या किलोने जास्त! रात्रीचं जेवण उशिरा झाल्यामुळे ते अजून आतड्यातच आहे. एरवी रात्री आठला जेवून सकाळी सातला मोजण्यात जो अवधी मिळतो तो इथे मिळालेला नाही. नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यांचंही असंच होतं, शिवाय साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप यांमुळे खाणं प्रत्यक्षात कमी झालेलंच नसतं. दोन दिवस बद्धकोष्ठ असेल तरी अर्धा-पाऊण किलो जास्त दिसतं.

पाळीच्या आधी आणि पहिल्या एक-दोन दिवसांत अर्धा ते दोन किलो पाणी साठणं सामान्य आहे. स्त्रियांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करू नये. मागच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी. चार आठवड्यांची तुलना बऱ्याच जणींना आपोआप सोयीची पडते ती त्यामुळे. चक्र अनियमित असेल तर पाळीचा पहिला दिवस वहीत लिहून तिथून मोजावं.

नवा व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पाणी धरतं आणि पहिले दोन आठवडे वजन किलोभर वाढू शकतं. व्यायाम लागू पडत नाही असं समजून तो सोडून देऊ नका.

आणि औषधं. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स, इन्सुलिन, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन या गोळ्या, मानसिक आजारावरचं ओलान्झापिन, फिट्सवरचं व्हॅलप्रोएट यांनी वजन वाढू शकतं. रक्तदाबाच्या अॅमलोडिपिनने पायावर सूज येते. गोळी सुरू झाल्यावर वजन चढू लागलं तर तारखेसह डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

लक्ष्य किती ठेवायचं

भारतीयांसाठी बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ च्या वर गेला की जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. युरोपीय लोकांसाठीची हद्द यापेक्षा वर आहे. आपल्याकडे त्याच वजनात पोटाची चरबी आणि मधुमेहाचा धोका जास्त दिसतो, म्हणून ही खालची हद्द. पण लगेच २३ गाठायच्या मागे लागू नका. सुरुवातीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के, सहा महिन्यांत, हे पहिलं लक्ष्य. ८४ किलोंच्या माणसासाठी ते ४.२ ते ८.४ किलो होतं. एवढ्यानेही रक्तातली साखर, रक्तदाब आणि यकृतातली चरबी यांत फरक पडतो.

काट्याच्या जोडीला टेप ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता, पंधरा दिवसांतून एकदा मोजा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर असेल तर तो कमी होणं महत्त्वाचं. वजन जागचं हलत नाही पण घेर दोन सेंटिमीटरने उतरला, असं वजन उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांत बऱ्याचदा दिसतं, आणि ती चांगलीच खूण आहे.

आकड्यावरून काय ठरवायचं

या आठवड्याची सरासरी आणि बरोबर चार आठवड्यांपूर्वीची सरासरी शेजारी लिहा. खालचे आकडे ८०-९० किलोंच्या माणसासाठी आहेत.

एक किलो किंवा अधिक उतरलं असेल तर काहीही बदलू नका. अजून लवकर व्हावं म्हणून जेवण आणखी तोडण्याचा मोह इथेच होतो.

अर्धा ते एक किलो: वेग कमी, पण दिशा बरोबर. आणखी चार आठवडे तेच चालू ठेवा.

अर्ध्या किलोपेक्षा कमी, किंवा वाढ: आधी खुणा वाचा. पाळी, प्रवास, नवी गोळी, लग्नसराई यांतलं काही असेल तर दोन आठवडे थांबा. नसेल तर एकच बदल करा, दिवसाला २५० ते ३०० किलोकॅलरींचा. चार बदल एकदम केले तर कशाचा उपयोग झाला ते कळत नाही आणि चारही टिकत नाहीत.

बदल कुठे करायचा? आपल्या स्वयंपाकात सगळ्यांत आधी तेल पाहा, कारण ते कुणी मोजत नाही. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० किलोकॅलरी. महिन्याच्या पहिल्या तारखेला माणशी अर्धा लिटर या हिशेबाने तेल वेगळ्या बरणीत काढा; चौघांचे दोन लिटर. फोडणी, तळण, पोळीला लावायचं सगळं त्यातूनच. वीस तारखेला बरणी रिकामी झाली तर वजन का हलत नव्हतं ते समजेल. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, इथे दीडशे किलोकॅलरी जातात. शंभर ग्रॅम फरसाण किंवा शेव म्हणजे पाचशेच्या वर. रोजच्या सवयीत अर्धा तास झपाझप चालणं मिळवलं तर ८० किलोंच्या माणसाचे सव्वाशे-दीडशे खर्च होतात, म्हणजे नुसत्या चालण्यावर विसंबून भागत नाही, पण उतरलेलं वजन टिकवायला चालण्याची फार मदत होते.

चार आठवड्यांत चार किलोंहून जास्त उतरत असेल, तेही पहिला महिना संपल्यावर, तर वेग जादा आहे. अशाने स्नायू झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. जेवण वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्यांनी जेवण कमी करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. जेवण घटलं आणि मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायक उतरते.

पाच-सहा महिन्यांनी घट थांबते, ते ठरल्यासारखंच आहे. दहा किलो हलक्या झालेल्या शरीराची रोजची गरज दोन-अडीचशे किलोकॅलरींनी घटलेली असते, आणि जे जेवण आधी कमी पडत होतं ते आता बरोबर पुरतं. इथे आणखी एक बदल करायचा की आहे ते वजन टिकवायचं, हे शांतपणे ठरवा. काही महिने नुसतं टिकवणं हेही मोठं काम आहे.

टिकवताना: हिरवा, पिवळा, लाल

वजन परत न येऊ देण्यासाठी एक साधी रीत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात तपासली गेली. रेना विंग आणि सहकाऱ्यांनी शरीरवजनाच्या किमान १० टक्के कमी केलेल्या ३१४ लोकांना तीन गटांत विभागलं. एका गटाला फक्त माहितीपत्रक मिळायचं, एक गट इंटरनेटवरून भेटायचा, एक समक्ष. या दोन गटांना रोज वजन करायला आणि आकड्याप्रमाणे रंग ठरवून वागायला शिकवलं. दीड वर्षानंतर २.३ किलो किंवा अधिक वजन परत आलेल्यांचं प्रमाण माहितीपत्रकाच्या गटात ७२.४ टक्के होतं, समक्ष भेटणाऱ्यांत ४५.७ टक्के.

ही रीत घरी अशी लावा. टिकवायचं वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहा, समजा ७६. आठवड्याची सरासरी ७७.४ च्या आत, म्हणजे वाढ १.४ किलोंच्या आत असेल तर हिरवा: जसं चाललंय तसं चालू द्या. ७७.४ ते ७८.३, म्हणजे वाढ २.३ किलोंपर्यंत, पिवळा: तेलाची बरणी, चहाची साखर, चालणं, यांतलं काय सुटलंय ते शोधून तेवढंच परत लावा. त्याच्या वर लाल: वजन कमी करताना जी शिस्त होती ती पूर्ण परत सुरू करा, हिरव्यात येईपर्यंत. गणपती ते दिवाळी हा काळ बहुतेक घरांत पिवळ्याचा असतो. त्या दिवसांत काटा कपाटावर ठेवून देऊ नका. वजन दोन किलोंनी वाढलेलं असताना लक्षात आलं तर उतरवणं सोपं, सहा किलोंनी वाढल्यावर कठीण.

वजन उतरवण्यासाठी सेमाग्लुटाइड किंवा टर्झेपाटाइड या औषधांची आठवड्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही हीच वही लागते. मात्रा टप्प्याटप्प्याने वाढते, तेव्हा मात्रा आणि इंजेक्शनचा वार वजनाशेजारी लिहा. भूक मरते म्हणून डाळी, अंडी, दूध, पनीर, मासे मागे पडतात आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. उतार फार वेगाचा दिसला तर पुढची मात्रा वाढवण्याआधी डॉक्टरांना वही दाखवा. औषध थांबवल्यावर वजन परत चढण्याची शक्यता मोठी, म्हणून थांबवल्यानंतरचे पहिले सहा महिने रोजची नोंद सोडू नका.

कुणी रोज मोजू नये

ज्यांना आधी ॲनोरेक्सिया, बुलिमिया किंवा खाण्याचा कुठलाही विकार झाला आहे त्यांनी घरी वजन करू नये. वजन दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावं. दिवसातून चार-पाचदा काट्यावर जाणं, आकडा पाहून जेवण टाळणं, खाल्लेलं ओकून काढणं, शंभर ग्रॅमसाठी दिवसभर बेचैन राहणं, यांतलं काही स्वतःत किंवा घरात कुणात दिसलं तर काटा बाजूला ठेवा आणि मदत घ्या. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतही उपलब्ध आहे.

वाढत्या वयाच्या मुलांना रोज काट्यावर उभं करू नका. त्यांची उंचीही वाढत असते, नुसत्या वजनाला अर्थ नाही. बालरोगतज्ज्ञ वाढीच्या तक्त्यावर बघतात ते पुरेसं. आणि वही ज्याची त्याचीच असू द्या. जेवणाच्या ताटावर ‘आज किती भरलं गं?’ असं विचारल्याने कुणाचं वजन कमी होत नाही, वही लिहिणं मात्र बंद होतं.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं

हृदय कमजोर असलेल्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाचं वजन तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, पायाला सूज आली, आडवं झाल्यावर दम लागला, तर सरासरीची वाट न पाहता त्याच दिवशी संपर्क साधा. हे पाणी वेगळं आहे, ते आपोआप उतरत नाही.

काहीही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं तर लठ्ठ माणसानेही ‘बरंच झालं’ म्हणून सोडून देऊ नये. वाढलेला मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग यांची तपासणी लागते. तहान आणि वारंवार लघवी यांच्यासह उतरत असेल तर रक्तातली साखर लगेच तपासा.

वजन सतत चढतंय आणि सोबत थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. घोरणं आणि दिवसा झोप येणं असेल तर तेही सांगा, झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास लठ्ठपणात बऱ्याचदा असतो.

जाताना तीन महिन्यांच्या आठवड्याच्या सरासऱ्या, कमरेचा घेर, चालू गोळ्यांची यादी आणि प्रत्येक गोळी सुरू झाल्याची तारीख एका कागदावर लिहून न्या.